डोणगाव सात

बासष्ट सालचा उन्हाळा. मुंबई-नागपूर मोटार रॅलीतल्या गाड्या मेहकरच्या नाक्यावरून एकेका मिनिटाच्या अंतरानं सुटत होत्या. अकरा नंबरच्या गाडीचा वाटाड्या शेषराव शेवटच्या क्षणी माणिककडे पळत आला.

"पेन्सिल दे बे एक. डोणगावले वापस देतो."

माणिकनं जवळच्या दोनपैकी नवीकोरी दिली. तिच्या मागच्या टोकाला त्यानं 'मा' कोरलेला होता. मिनिटभरानं त्याची बारा नंबरची अँबॅसेडर निघाली.

डोणगावचा नाका चार वाजता बंद होणार होता. त्याआधी शिक्का नाही मिळाला तर बाद. गाडी हाकणारा हिंमतराव लागोपाठ दोन वर्षं असाच बाद झाला होता. अंतर मोजून रस्ता सांगणं हे माणिकचं काम. तो नुकताच बी.एस्सी. झालेला.

'डोणगाव ७.' दगड दिसताच त्यानं मीटरचा आकडा टिपला.

काही वेळानं पुन्हा दगड आला. डोणगाव ७.

"काऊन रे? आपण मागं जाऊन राह्यलो काय?"

माणिक हसला. रस्त्यावर किलोमीटरचे नवे दगड बसत होते, मैलांचे जुने अजून निघाले नव्हते. दोन सातांच्या मधलं अंतर हिशेबानं २.६५ मैल यायला हवं. मीटरवरच्या आकड्यांत फरक २.६ होता.

"पहिला मैलाचा, हा किलोमीटरचा. जमलं, भाऊ."

तिसरा दगड आला. डोणगाव ७.

आता हिशेब उरला नव्हता. दोन्हीकडे नांगरलेली काळी रानं. पुढं अकरा गाड्या गेलेल्या, पण धुरळा नाही. मागून तेरा नंबरचा भोंगा नाही. हिंमतरावानं गाडी वळवली. निदान मेहकर तरी गाठू.

परतीच्या वाटेवर दगडाच्या या बाजूला मेहकर लिहिलेलं असायला हवं होतं.

डोणगाव ७.

दगडापाशी पाठमोरा बसलेला एक म्हातारा पेन्सिलीनं आकडा आखून त्यावर काळा रंग भरत होता.

"काका, डोणगाव किती हाये?" हिंमतरावानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"वाचता नाई येत काय? सात."

"मागंबी सातच होतं!"

"हाव. तेबी म्याच रंगवलं."

बाभळीखाली एक गाडी होती. चाकं मातीत रुतलेली, काचेतून वेल बाहेर आलेला. दारावर अकरा.

माणिकनं घड्याळ पाहिलं. मेहकर सोडून पंचवीस मिनिटं झाली होती.

म्हातारा वळला. पांढरी दाढी छातीपर्यंत आलेली. त्यानं मूठ पुढं करून उघडली.

"डोणगावले देतो म्हणलं होतं बे. आता इथंच घे."

तळहातावर नखाएवढं थोटूक होतं. त्याच्यावर 'मा'.