लल्ला मलीहाच्या चार बूजी

दिवा जरा माझ्याकडे सरकवा, म्हणजे तुमचे चेहरे दिसतील. चेहरे दिसल्याशिवाय ही गोष्ट माझ्याच्याने सांगवत नाही.

गाडी माझ्या जावयाची, नसरीची. सगळं घरदार बसेल एवढी मोठी. गुरुवारी दुपारी ती माझ्या अंगणात आली ती धापा टाकतच. मिसिंग मारत होती, म्हणजे इंजिन मध्येच एक ठोका चुकवत होतं. मागे माझी लेक शाजलिया, तिच्या मांडीवर नात रीहाम. पोर मोठ्या तापातून नुकतीच उठलेली, म्हणून तिघं लल्ला मलीहाच्या दर्ग्यावर जाऊन येत होती. लल्ला म्हणजे आमच्याकडची संत बाई, तिचा दर्गा शोताच्या काठावर आहे. शोत म्हणजे आमचं मिठाचं मैदान. वर कोरडं, पांढरं, आणि पाय रुतला की खाली ओलं.

"बाबा, बूजी बघा हो हिच्या," नसरी म्हणाला. "तुमच्यासारखीच खोकतेय."

आमच्याकडे प्लगला बूजी म्हणतात. मेणबत्तीलाही बूजीच म्हणतात. फ्रेंच लोक गेले, शब्द इथेच ठेवून गेले.

मला घाई जमत नाही. गरम इंजिनाचा प्लग खोलला तर आटे जातात. मी चहा टाकला, इंजिन निवू दिलं, मग पाना घातला. चांगल्या प्लगचं टोक बदामी असतं. हे पांढरं होतं. नखाने खरवडलं तर नखात मेण आलं. मऊ. त्याला दर्ग्यातल्या उदाचा वास.

"काय घातलंस रे पेट्रोलमध्ये?"

"मी कशाला काय घालू? तुमच्याच हाताला लागलं असेल. डोळे तपासून घ्या एकदा."

नसरी मनाने वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. नवा प्लग बसवला, गाडी चालू केली. जरा वेळ बरी चालली आणि पुन्हा अडखळली. या वेळी मी थांबलो नाही, तसाच पाना लावला. नवा प्लग मेणाने लिंपलेला. शेजारचाही. इंजिन हाताला चटका देत होतं, आणि प्लग मात्र विहिरीच्या तळातल्या दगडासारखे गार.

मागून शाजलियाचा आवाज आला. "बाबा... हिचे हात बघा."

रीहामचे हात गार पडले होते. ओठांवरचा रंग गेला होता. श्वास घ्यायची, मध्येच एक चुकवायची, पुन्हा घ्यायची. ती चाल मी ओळखली. आत्ताच इंजिनातून ऐकली होती.

"दर्ग्यावर काय बोललात?" मी विचारलं.

नसरी पाना पुसायला लागला.

"सांग ना आता," शाजलिया म्हणाली. "तिथे तर फार जीभ वळवळत होती."

"गंमत केली गं मी..."

मग तिनेच सांगितलं. पोर उठली तर लल्लाला चार बूजी देईन, असा नवस तिचा. गडबडीत मेणबत्त्या घरीच राहिल्या. तेव्हा हा दारात उभा राहून हसत म्हणाला, "लल्ला, गाडीत चार बूजी आहेत. त्याच घे!"

"मग घेतेय ती," मी म्हणालो.

वाटेत दुकानातून मेणबत्त्या घेतल्या. गाडी रडतखडत दर्ग्यापर्यंत पोचली आणि दारातच बंद पडली. ऊन लख्ख होतं. चहूकडे पांढरं मीठ, कुठे सावली नाही, माणूस नाही. आत शिरलो तर अंगावर शहारा आला. कबरीवर हिरवी चादर, शेजारी भिंतीत कोनाडा. नसरीने मेणबत्ती लावली. वात चरचरली, विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. वारा नव्हता.

"चाळीस देतो, लल्ला... हव्या तेवढ्या देतो..."

"गप बस," मी म्हणालो. "तू आणखी काही कबूल करू नकोस."

शाजलियाच्या मांडीवर पोरीचा श्वास आता दोनदा चुकत होता. मी बाहेर गेलो, चारही प्लग काढले आणि कोनाड्यात ओळीने उभे केले.

"लल्ला, बोलल्याप्रमाणे दिलं. पोर आमची."

कुणी काडी ओढली नाही. चारही टोकांवर निळी, बारीक ज्योत उभी राहिली. आणि चादरीखालून आवाज आला... काहीतरी चाखल्यासारखा. ओठ मिटल्यासारखा.

तेवढ्यात रीहामने टाहो फोडला. अंग ऊबदार झालं. आम्ही तिला उचललं, गाडी तिथेच सोडली आणि मागे न बघता मिठावरून चालू लागलो. पोर माझ्या खांद्यावर, तोंड मागे.

बरंच अंतर कापलं असेल. मागे इंजिन सुरू झालं.

चारही प्लग कोनाड्यात होते, माझ्या हाताने ठेवलेले. तरी ते इंजिन असं चाललं होतं की मी उभ्या जन्मात तेवढं गुळगुळीत ऐकलं नाही.

"कुणी वळायचं नाही," मी म्हणालो.

मग हॉर्न वाजला. दोनदा, हळूच. नसरी घरी आला की पोरीला फेरी मारायला बोलावताना तो असाच वाजवतो. नसरी माझ्या शेजारीच चालत होता. त्याने तोंडावर हात दाबून धरला. आणि रीहामने झोपेतच दोन्ही हात मागे पसरले, माझ्या खांद्यावरून खाली घसरायला लागली. दोघांनी मिळून तिला धरलं. एवढीशी पोर, पण जोर असा की माझा सदरा फाटला.

गाडी आणायला कुणी गेलं नाही. रीहाम आता माझ्याकडेच असते. खाते, हसते, नसरीला नावं ठेवते. रात्री मी दाराला आतून कुलूप घालतो आणि किल्ली गळ्यात बांधतो.

आज सकाळी तिला उठवायला गेलो. गाढ झोपली होती. पायावरचं पांघरूण सरकलं होतं, ते सारखं करायला वाकलो.

तिच्या तळव्यांना मीठ चिकटलं होतं.

ओलं.