मारोतरावांचं जहाज

भुताला मी भीत नाही. उलट भूतच मला पाहून वाट बदलतं. हे मी दिवसा सांगतो. रात्री अंगणाच्या कोपऱ्यापर्यंत जायचं झालं तर म्हातारीला उठवतो, अन् वर तिलाच म्हणतो, "चल, तुले भेव लागत असंल." हसा लेकहो! पण ही गोष्ट करडीच्या प्रवीणची आहे, अन् खरी आहे. मागे वळून पाहायचं असेल तर आताच पाहून घ्या.

प्रवीण भंडाऱ्याला कचेरीत बाबू. २०११ साली त्याच्या लेकीची, रीताची, सोयरीक जुळली. नागपूरच्या व्याह्यांसमोर गड्याची छाती फुगली अन् तो बोलून गेला, "आमचे आजोबा मारोतराव जहाजावर साहेब होते." आजोबा जहाजावर होते एवढंच त्याला ठाऊक. साहेब त्याने आपल्या मनाने केले. व्याही म्हणाले, "वा! कोणतं जहाज?" झालं. अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी पठ्ठ्या यस्टीने बपेऱ्याला गेला. तिथे मारोतरावांची भाची धुरपताबाई होती. दात गेलेले, जीभ शाबूत.

"साहेब?" म्हातारी खो खो हसली. "अरे बाबू, मालगुजाराच्या खळ्यातले धान चोरले होते मामानं. लहानसा पोरगा, पोटात भूक. चोरट्या पोरायले सुधरवाले गोऱ्या सरकारनं एक जहाज उभं केलं होतं ममईच्या समुद्रात. त्याच्यावर कोंडला त्याले, मिसरूड फुटेपर्यंत. तुह्या मायले नाही विचारलं काय?"

परतीच्या यस्टीत प्रवीण खिडकीशी बसला, पण मान वर करून बाहेर काही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी अक्षय तृतीया. पितरांच्या नावाने पाण्याचे करे भरायचे, एकेकाचं नाव घेऊन. बापाचा भरला, आजीचा भरला. आजोबांचा करा हातात घेतला... अन् पालथा घातला.

"आजाचा राहिला ना रे," आई निर्मलाबाई म्हणाली.

"राहू दे. उद्या व्याही येऊन राहिले. घरात चोराचं नाव नको."



त्या रात्री तिजेची कोर लवकरच बुडाली. लाइन गेलेली. उकाडा असा की पान हलत नव्हतं. प्रवीण ओसरीत खाटेवर पडला होता. मध्यरात्र उलटली असेल.

खर्र... खर्र...

कुत्रं असेल.

खर्र... खर्र...

कुत्रं असं तालात खरडत नाही. त्याने डोकं उचललं. ताऱ्यांच्या अंधुक उजेडात अंगणात कोणी गुडघ्यावर बसलं होतं. भादरलेलं डोकं. बारीक पाठ. हातात दगड. पुढे... मागे. पुढे... मागे. खारट वास आला.

"कोण आहे?"

आवाज थांबला. पोरानं मान वर केली नाही. नुसता एक हात डोक्यावर आडवा धरला. मार चुकवायला धरतात तसा.

'आजोबा' म्हणावं, असं प्रवीणला वाटलं. ओठ हलले. पण...

खर्र... खर्र...

त्याने चादर तोंडावर ओढली.

सकाळी पाहिलं तर पाहुण्यांसाठी शेणाने सारवलेलं अंगण पार खरडून निघालं होतं. सरळ सरळ पट्टे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. माती उघडी. ओली.

निर्मलाबाई उंबऱ्यात उभी होती. "मी नवी नवरी होती, तवा तुहा आजा असाच सारवलेलं अंगण खरडून धूत जाय. जहाजावरची सवय, तिथं पोरायकडून दगडानं फळ्या घासून घेत. मी म्हणो, 'मामाजी, कायले?' तं म्हणे, 'साहेब येतील. मारतील.' म्हातारा झाला तरी भेव गेलं नाही त्याचं."

गल्लीत मोटारीचा हॉर्न वाजला.

"आई, पाहुणे आले वं! अंगण कोणं धुतलं विचारतील. काय सांगू त्यायले?"

"मले कायले विचारतं? रातभर तं तू जागा होता."