परतीच्या नळीवरचे दोन ठोके

भुताच्या गोष्टी रात्रीच घडतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा त्या पंपघरात उतरून यावं. जमिनीखाली तीन मजले आणि खिडकी एकही नाही. तिथे दुपार काय नि मध्यरात्र काय. ही गोष्ट भर दुपारची, जेवणाच्या सुट्टीनंतरची आहे.

फिटरबाई तशी नेहमीच्या कामाला निघाली होती. अणुवीजकेंद्रातला सुरक्षा पंप म्हणजे घरजावई, वर्षभर नुसता बसून. पण भट्टी बंद केली तरी तिच्या पोटातली धग निघतच राहते, आणि मोठे पंप थांबले तर ती उतरवायला हाच उठावा लागतो. हाक मारल्यावर उठतो का, हे दर महिन्याला चालवून बघायचं. दुसऱ्या नंबरचा पंप मात्र वर्षभर खोललेला होता. तिनेच तो पुन्हा बांधला होता आणि आज त्याची पहिली चाचणी होती.

वर्षापूर्वी तो जळला, तेव्हा चाचणीला तिचे वडील होते. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. पंप चालताना थोडं पाणी परतीच्या नळीने टाकीत जाऊ द्यावं लागतं, नाहीतर आतलं पाणी आतच घुसळून उकळतं. त्या नळीवरचा व्हॉल्व्ह मिस्त्रींनी बंद ठेवला, असा ठपका बसला. चाक उघडं सापडलं होतं, पण लोक म्हणाले, पंप जळाल्यावर घाईघाईने फिरवलं असेल. "मी उघडला होता," एवढंच मिस्त्री म्हणत राहिले. चौकशीत म्हणाले, घरी म्हणाले, चार महिन्यांनी दवाखान्यात आईचा हात धरून म्हणाले आणि गेले. तेव्हापासून फिटरबाईच्या पाठीमागे कुजबुज चालायची, खाण तशी माती. आज पंप जळला असता तर बापलेक दोघांच्याही नावावर कायमचा डाग बसला असता.

दारावर चष्मेवाले काका असायचे. आत किती माणसं आहेत ते दारावरचा फलक आपोआप मोजायचा. ती एकटीच आत शिरली आणि फलकावर दोनचा आकडा लागला. माझ्यासारखाच यंत्रालाही मोतीबिंदू झालाय, काका म्हणाले. ती हसून जिना उतरली.

खाली तेलाचा आणि नव्या रंगाचा वास होता. त्याच्या आडून आणखी एक वास आला, नीलगिरीचा. तिचा पाय पायरीवरच थबकला. मिस्त्री गुडघ्यांना नीलगिरीचं तेल चोळून कामावर यायचे... मनाचे खेळ, असं स्वतःला बजावून तिने कामाला हात घातला. परतीच्या व्हॉल्व्हचं चाक पूर्ण उघडं होतं, व्हॉल्व्हवरचा काटाही तेच दाखवत होता. सकाळी साहेबांनी पाहून चाचणीच्या कागदावर सही केली होती, त्याखाली तिने केली. मग भिंतीवरच्या फोनवरून वर नियंत्रण कक्षाला कळवलं.

पंप उठला. दिवे क्षणभर मलूल झाले, पायाखालची फरशी थरथरली. दाब बरोबर होता, आवाज गोड होता. तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

तेवढ्यात... टक् टक्.

नळीवर पाना ठोकल्याचा आवाज. एवढ्या गोंगाटात तो ऐकू यायला नको होता, पण आला. खाली फोन नव्हता तेव्हा मिस्त्री असेच दोन ठोके द्यायचे. त्यांचा अर्थ एकच, इकडे ये आणि हात लावून बघ. डोळे फसतात, हात फसत नाही, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. ठोके परतीच्या नळीकडून आले होते. ती तिकडे गेली. कोणी नव्हतं. नळीमागे काळोख होता आणि नीलगिरीचा वास इतका दाट की डोळे चुरचुरले.

"बाबा...?"

तिने नळीला पालथा हात लावला.

आत पाणी धावत असलं की नळी हाताखाली गुणगुणते. ही नळी गार आणि मुकी होती. चाक उघडं होतं, काटा उघडं म्हणत होता, आणि आत थेंबही हलत नव्हता. तिने धाव घेतली आणि लाल बटण दाबलं.

का थांबवला, वर सगळं ठीक दिसत होतं, असं साहेब फोनवर चिडून विचारू लागले.

"व्हॉल्व्ह खोला, साहेब," ती म्हणाली. "आत्ता, आणि सगळ्यांसमोर."

संध्याकाळी तो खोलला. आतली पाणी अडवणारी झडप चाकाच्या दांड्यापासून तुटून खाली पडली होती आणि वाट अडवून बसली होती. चाक फिरवलं की दांडा वर यायचा, काटा उघडं दाखवायचा, झडप मात्र जागची हलायची नाही. तुटल्या जागी जुना गंज चढला होता. मिस्त्रींनी चाक उघडलंच होतं. वर्षभरात व्हॉल्व्ह कोणी खोलला नव्हता. माणूस दोषी सापडल्यावर लोखंडाची झडती कोण घेतो?

नवा व्हॉल्व्ह बसला. तिसऱ्या दिवशी पंप ठरलेला सगळा वेळ चालला, बेअरिंग गार राहिलं आणि परतीची नळी तिच्या हाताखाली गायला लागली. साहेबांनी साऱ्या केंद्राला ऐकू जाईल असं कर्ण्यावरून स्वतः सांगितलं, "दुसरा पंप पास. आणि मिस्त्रींनी व्हॉल्व्ह उघडला होता. चूक आमची होती." लोकांनी हाताला लागेल ते बडवून इमारत दणाणून सोडली. कोणीतरी म्हणालंच, खाण तशी माती, आणि या वेळी फिटरबाईने ते ताठ मानेने ऐकून घेतलं. तिने आईला फोन केला.

"मला ठाऊक होतं गं," आई म्हणाली.

सगळे गेल्यावर ती शेवटची बाहेर आली. काका दाराला कुलूप घालायला उठले आणि तसेच थांबले. फलकावर एकचा आकडा होता. दोघांनी खाली जाऊन कोपरान् कोपरा पाहिला, कोणी नव्हतं. वर आले तरी आकडा एकच.

"काय करायचं गं आता?" काका हळूच म्हणाले.

"राहू द्या, काका," ती म्हणाली. आज तिला कसली भीती वाटत नव्हती. काकांनी दार ओढून घेतलं, आणि खालून आवाज आला.

टक् टक्...

ती कान देऊन उभी राहिली. ठोके दुसऱ्या पंपाकडून नव्हते. ते पहिल्या पंपाकडून येत होते, दर महिन्याला पास होणाऱ्या, कोणीही कधी न खोललेल्या पंपाकडून.

तिने पाना उचलला आणि दार पुन्हा उघडलं. ती आत शिरली, तसा फलकावर दोनचा आकडा लागला.