डाव्या बाजूचा तानपुरा

अमृताचं लग्न हेडफोनशीच लावून द्यावं लागणार, असं तिची आई शालन वैतागून म्हणायची. घोडबंदर रोडवरच्या ऑफिसातून परतताना बस कोंडीत अडकली की बाकीचे कपाळाला हात लावायचे, आणि ही बाईसाहेब शास्त्रीय संगीताचं नवंकोरं रेकॉर्डिंग लावून बसायची. त्यातलं खरोखर ऐकण्याजोगं एकच ती दर रविवारी डोंबिवलीच्या संगीत मंडळाच्या ग्रुपवर सुचवायची. भीडभाड कुणाचीच ठेवायची नाही, म्हणून तर लोकांचा तिच्यावर विश्वास होता.

त्या संध्याकाळी आभाळ मळकट होतं. डावीकडच्या खिडकीशी बसलेल्या अमृताच्या हेडफोनची पिन निसटली आणि बसभर सारंगी घुमली.

"तबला जरा जास्तच पुढे आलाय, नाही?" शेजारून आवाज आला.

तिने चमकून पाहिलं. दमलेले डोळे, आणि ओठांच्या कोपऱ्यात अडवून ठेवलेलं हसू... आणि तबला खरंच पुढे आला होता!

"मी नयन. कोपरला छोटा स्टुडिओ आहे माझा. एक मागू? खिडकीची जागा द्याल?"

"ओळख झाली नाही तर लगेच खिडकी?"

"पुढच्या वेळी परत करेन ना."

"म्हणजे पुढची वेळ पण आहे?"

"हे ट्रॅफिक बघताय ना? पुढची वेळ याच बसमध्ये येईल!"

ती हसली आणि सरकली. धुळीमुळे खिडकी तर बंदच होती. मग याला ती हवी कशाला, हा प्रश्न तिला पडला आणि गप्पांत विरून गेला.

मग भेटी होत गेल्या. कोपरच्या खाडीकडे फिरताना तो तिला हलकेच उजवीकडे घ्यायचा. "अशी ये ना, या बाजूला." का, असं विचारलं की नुसता हसायचा, आणि तिचे गाल तापायचे. त्याच्या वडिलांनी, राघोशेठनी, घराच्या तळमजल्यावर त्याला गाळा दिला होता; बाकी सगळं त्याने स्वतः उभं केलं होतं.

"आपल्या गावात डीजेशिवाय हळद लागत नाही," तो सांगायचा. "कॉलेजपासनं तेच केलेलं मी. त्यातनंच हे माइक घेतले. सोनलताईंचं काम नीट झालं ना, की डीजे बंद. मग फक्त हेच."

सोनलताई कल्याणच्या व्हायोलिनवादक. व्हायोलिन, चेलो आणि तानपुरा अशी मारवा रागातली नवी रचना त्यांनी बांधली होती, आणि ती रेकॉर्ड करायला विश्वासाने नयनकडे दिली होती. सगळं तयार झालं तेव्हा त्याने अमृताला स्टुडिओत बोलावलं.

"रविवारी जे लिहिशील ते आधी मला सांग. खरं."

तिने डोळे मिटले. व्हायोलिन इतकं एकटं, इतकं उदास वाजत होतं की तिला गलबलून आलं. आणि मग डावीकडून तानपुरा आला. भरभरून, जड, व्हायोलिनला चिरडत. हेडफोन बिघडला असेल म्हणून तिने तो उलटा घातला. तानपुरा मुकाट उजव्या कानात गेला.

तिने नयनकडे पाहिलं. उजवा कान तिच्याकडे करून तो वाट बघत होता. बंद खिडकी आठवली. खाडीवरचं ते 'या बाजूला'...

'छान आहे' हे शब्द ओठांवर आले होते. पण मग हे असंच जगासमोर गेलं असतं, त्याच्या नावानिशी.

"नयन... तानपुरा डावीकडे फार जड झालाय." तिने हेडफोन काढला. "तुला डाव्या कानाने ऐकू येत नाही ना?"

त्याने हात लांबवून रेकॉर्डिंग थांबवलं.

"मला वाटलं, मी दोन्हीकडे सारखा ठेवलाय गं," तो म्हणाला. "डीजेचा स्पीकर कायम डावीकडेच असायचा. डॉक्टर म्हणाले, डावा कान गेला तो गेला. उजवा किती टिकेल, सांगता येत नाही... आता कीव नको करूस. जा तू."

ती रडतच घरी आली. त्याने फोन उचलले नाहीत. रविवार आला नि गेला, पण तिने ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. तिला काही ऐकवतच नव्हतं.

आणि एका संध्याकाळी, त्याच बसमध्ये, तो समोर उभा राहिला.

"खिडकी परत करायला आलोय."

ती खिडकीशीच राहिली. तो तिच्या उजवीकडे बसला. म्हणजे ती त्याच्या डाव्या बाजूला आली, जिथे त्याने तिला कधीच येऊ दिलं नव्हतं.

"इकडून मला काही कळत नाही," तो समोर बघत म्हणाला. "मिक्सिंगला इथेच बसशील? तू सांगशील तेवढाच तानपुरा ठेवू."

तिने मान हलवली. मग बंद काचेकडे तोंड फिरवून अगदी हळू म्हणाली, "मला तू आवडतोस, गाढवा."

"काय म्हणालीस?"

"तानपुरा आणखी कमी कर, म्हटलं!"

ते रेकॉर्डिंग थंडीत आलं. अमृताने ग्रुपवर लिहिलं, 'याची शिफारस मी करू शकत नाही, यात माझाही हात आहे. तुम्हीच ऐकून ठरवा.' त्याच्या कव्हरवर वादकांच्या नावांखाली बारीक अक्षरांत छापलं होतं — डावा कान: अमृता.

"हे काय रे?" तिने स्टुडिओत त्याच्या डावीकडे बसत विचारलं.

"तू बसमध्ये बोललेलीस ना, त्याचं उत्तर. ऐकू नव्हतं आलं... पण काचेत ओठ दिसलेले."

तिचे डोळे भरले. ती आपल्या जागेवरून उठली, वळसा घालून त्याच्या उजवीकडे आली, आणि कानाशी वाकून तेच वाक्य पुन्हा म्हणाली. या वेळी सावकाश, आवाजात, त्याच्या लक्षात राहील असं.