सुट्टीतला गणवेश

कैऱ्या पाडायचा बेत करून तिघं तांड्याच्या फाट्यावर आले, तर बाभळीखाली एसटीचे एक साहेब लॅपटॉप उघडून बसलेले. तिघं म्हणजे सातवीतली शितल, तिचा चुलतभाऊ दिपक आणि फाट्यापलीकडच्या गावातला बुद्धभूषण. दुसऱ्याच्या लॅपटॉपात डोकावू नये, हे तिघांनाही ठाऊक होतं. तिघंही डोकावले.

पडद्यावर हाच रस्ता होता आणि त्यावर इवल्या बसगाड्या पळत होत्या.

"गेम हाय का, साहेब?" दिपकने विचारलं.

"नाही रे. खऱ्या रस्त्याची नक्कल आहे. एखादा थांबा काढला तर काय होईल, ते आधी इथं बघायचं. हा फाटा काढला, बघ. बस औंढ्याला लवकर पोहोचली आणि त्रास कुणालाच नाही."

"कुणालाच न्हाई? काहून?" शितल म्हणाली.

"आठवडाभर मोजतोय. सकाळी इथं कुणी चढतच नाही."

शितलचा चेहरा उतरला. तिची शाळा औंढ्याला होती. बस फाट्यावर थांबते म्हणूनच तिचे वडील, थावरा, तिला पाठवत होते. लांबच्या थांब्यापर्यंत चालत जावं लागलं तर शाळा बंद, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं.

"ह्यांनी मोजलं कवा? सुट्टीत," परतताना बुद्धभूषण म्हणाला. "शाळाच बंद, तर चढन कोण?"

"मग सांगू न त्यान्ला," दिपक म्हणाला.

"पोराचं कोण ऐकते? दाखवूच."

कैऱ्या झाडावरच राहिल्या. दुपारभर तिघं घरोघर फिरले. दुसऱ्या दिवशी शिरड शहापूरकडून बस यायच्या वेळेला फाटा गणवेशांनी भरून गेला. दिपकची पँट वर्षभरात घोट्याच्या बरीच वर गेली होती, तरी दप्तर अडकवून तो सगळ्यांत पुढे.

"मे महिन्यात कसली रे शाळा?" साहेब चक्रावले.

"शाळा न्हाई, साहेब," शितल म्हणाली. "पण शाळा असली की रोज आमी इतके जण असतो इथं. तुमी सुट्टीत आलात, म्हणून दिसलो न्हाई."

साहेबांनी घाम पुसला. पोरं मोजली, आकडा भरला आणि फाटा पुन्हा काढून पाहिला. पडद्यावरची बस निघून गेली. फाट्यावर मागे राहिलेल्या पोरांचे लाल ठिपके साचून राहिले.

"ह्यातली मी कोणती?" शितलने विचारलं.

साहेबांनी थांबा परत जागेवर ठेवला. "चूक माझी. जूनमध्ये येऊन पुन्हा मोजतो, तोवर अहवाल देत नाही. हुशार आहात रे तुम्ही."

संध्याकाळी सगळी हकिकत थावरांच्या कानावर गेली.

"गणवेश धुऊन ठेव," ते लेकीला म्हणाले. "जूनात लागन."