हक्काची कासवीण

जेटीवर पाऊस तिरपा येत होता आणि माझ्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. पत्र्याखाली एक तरुण बसला होता. मांडीवर केळीच्या पानात भाजलेली मासळी आणि कसाव्याचा उकडलेला कंद, वाफ अजून निघत होती. मी शेजारी टेकले आणि सहज विचारावं तसं विचारलं,

"कुठलं गाव?"

"नावुनीदिलो."

झालं. मी हात पुढे केला, पान माझ्याकडे ओढलं आणि मासळीचा मधला जाड तुकडा तोंडात टाकला.

तो बघतच राहिला. मग त्याच्या भुवया हळूच वर गेल्या… "वाइसेरे?"

"वाइसेरे," मी भरल्या तोंडाने म्हटलं.

"तरीच. जन्माचे भुकेले लोक."

"आणि तुम्ही जन्माचे आळशी. मासळीला मीठ लावायचाही कंटाळा."

आमची दोन गावं एकमेकांची ताउवू आहेत. मूळ दैवत एक, समुद्र पार करून वेगळी झालेली दोन भावंडं म्हणा. ताउवूने ताउवूला वाट्टेल ते बोलावं, त्याच्या घरातून हवं ते उचलावं, आणि ज्याचं गेलं त्याने हसावं. चिडला तो हरला. मग त्याच्या नातवंडांनासुद्धा त्यावरून टोमणे ऐकावे लागतात.

"कसावा पण घे," तो म्हणाला. "नाहीतर गावभर सांगशील, उपाशी ठेवली म्हणून."

मी घेतला. बोटांना बोटं लागली… आणि हात मागे घ्यायला दोघांनीही जरा उशीरच केला.

दुपारी बोट बेटावर लागली. छावणीच्या दारात लाव्हेनिया मॅडम उभ्या होत्या. सगळा उपक्रम त्यांचाच. कासवांच्या, पक्ष्यांच्या कामात नव्याने आलेल्या पोरापोरींना एकेक जाणता सोबती जोडून द्यायचा. हंगामभर त्याच्यामागे चालायचं, शिकायचं. जमलं, तर पुढच्या वर्षी एक किनारा तुमच्या हाती. मला तो किनारा हवा होता. राजधानीत, सुव्हात शिकून आलेल्या पोरीने वाळू उपसत फिरावं, हे आमच्या आत्यांना पटत नव्हतं. म्हणून तर जास्तच हवा होता.

"उनाइसी, हा ऐसाके," मॅडम म्हणाल्या. "तुझा मार्गदर्शक."

पत्र्याखालचा तरुण. माझ्या दातात अजून त्याच्या मासळीचा काटा होता.

"ओळख झालीये," तो गंभीरपणे म्हणाला. "माझ्या जेवणाशी."

मॅडमनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "काम ते काम," त्या म्हणाल्या. "शिकवणाऱ्याने शिकवायचं, शिकणाऱ्याने शिकायचं. बाकी जे काय असेल ते हंगाम संपल्यावर."

"बाकी काय असणार?" मी म्हटलं.

"तेच," मॅडम म्हणाल्या आणि आत गेल्या.

पहाटेच्या फेऱ्या सुरू झाल्या. वाळू ओली, गार, तळव्यांना गुदगुल्या करणारी. कासविणी अंधारात येऊन गेलेल्या असायच्या आणि आम्ही मागे राहिलेल्या खुणा वाचायचो.

"सांग, काय झालं इथे?" ऐसाके उकिडवा बसून विचारायचा.

"आली, खड्डा केला, अंडी घातली, गेली."

"घाई नको. इथे बघ. इथे ती थांबलीये."

खरंच… सरळ चाललेली रेघ एका जागी खोल दबली होती.

"का थांबली?"

"तिला ठाऊक. भीती वाटली असेल. पण थांबून पुढेच गेली, बघ. वर येणारी एक खूण, परतीची एक. खड्डा नाही आणि परतीची खूण लगेच शेजारी दिसली, तर समजायचं… मन बदललं."

"माणसांचंही कळतं असं?"

"माणसं चपला घालतात."

मी चपला काढून हातात घेतल्या. त्याने माझ्या पावलांकडे पाहिलं, मग घाईघाईने समुद्राकडे… जणू समुद्र आत्ताच कुणीतरी आणून ठेवला होता.

एका सकाळी उजाडल्यावरही एक कासवीण वाळूवरच होती. दमलेली, पाठीवर मधाच्या रंगाची नक्षी, डोळ्यांतून पाणी गळणारं. तिच्या पुढच्या वल्ह्यासारख्या पायाला ओळखीची पट्टी मला लावायची होती. माझी पहिली. चिमटा दोनदा घसरला. वाटलं, ऐसाके हातावर हात ठेवेल. नाही ठेवला. चिमटा काढूनही घेतला नाही. फक्त म्हणाला, "तुला येतं."

आणि मला आलं.

प्रेमात पडायला एवढं पुरतं हो. बाकी पाऊस, वारा नंतर येतात.

एकच गोष्ट तो अशी शिकवायचा की माझ्या घशाखाली उतरत नसे. बेट त्याच्या गावाचं, गावाचे रातू, म्हणजे मुखिया, त्याचे सख्खे मोठे काका. "गावाच्या मानपानात पडायचं नाही," तो सांगायचा. "बैठकीत तर तोंडच उघडायचं नाही. तू शिकाऊ, त्यातून पोरगी. आपण मोजायचं आणि गप्प बसायचं. टिकायचं असेल तर."

"तू टिकलायस?"

"मी आहे ना इथे."

"आहेस," मी म्हटलं. "लोणच्यासारखा. बरणीत."

तो हसला खरा, पण त्या दिवशी मोजणीची वही त्याने एकट्यानेच भरली.

मग गावाच्या नव्या सभाघराचं उद्घाटन ठरलं. आम्हीही मदतीला गेलो होतो. मी नारळ घेऊन दिलोच्या मोठ्या झाडाखालून निघाले आणि थबकले. सावलीत एक कासवीण उताणी पडलेली होती, पाय बांधलेले. रिवाजाचा मान म्हणून पंगतीसाठी आणलेली. परवानगी रीतसर होती, म्हणजे तक्रारीलाही जागा नव्हती. तिने वल्हं हलवलं आणि त्यावरची पट्टी उन्हात चमकली.

माझी पट्टी. जराशी वाकडी लागलेली.

तिच्या पोटात अजून अंडी होती. या हंगामात ती आणखी एकदा वर येणार होती. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि त्या झाडाखाली आणखी कुणालाच त्याच्याशी कर्तव्य नव्हतं.

ऐसाके मागून आला. त्याने पट्टी पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. "उना… नको."

"मी काय केलंय अजून?"

"तुझ्या हनुवटीवरून कळतंय. काका तुला या किनाऱ्यावर परत पाऊल ठेवू देणार नाहीत. तुझा हंगाम, तुझा किनारा, सगळं जाईल."

"आणि गप्प बसले तर किनारा मिळेल. कासवांशिवायचा."

सभाघरात बैठक भरली होती. रातू मध्यभागी, वडीलधारे दोन्ही बाजूंना, मधोमध यांगोनाचं, म्हणजे मुळं कुटून केलेल्या मानाच्या पेयाचं, मोठं लाकडी पात्र. ते ढवळायला ऐसाकेला बसवलं होतं, कोपरापर्यंत हात पाण्यात. यांगोना ढवळणाऱ्याने उठायचं नसतं. बायका मागच्या भिंतीशी. मी वाकून, "तुलो, तुलो," अशी माफी पुटपुटत बसलेल्यांच्या मधून पुढे निघाले. एक म्हातारी माझ्या कमरेला गुंडाळलेला सुलू ओढत होती. मी सोडवून घेतला.

"ही कोण?" रातूंनी विचारलं.

"ऐसाकेची शिकाऊ," कुणीतरी म्हणालं.

"मी शिकाऊ म्हणून नाही आले, रातू." माझा आवाज कापत होता. कापू दे म्हटलं. "मी वाइसेरेची आहे. ताउवू म्हणून आलेय."

सभाघरात बारीक खसखस पिकली. रातूंच्या मिशीचं टोक हललं. "मग? काय चोरायला आलीस?"

"चोरायला कशाला? तुमच्या डोळ्यांदेखत न्यायला आलेय. झाडाखालची कासवीण माझी."

खसखस थांबली. 

"ती पंगतीची आहे," रातू म्हणाले, आता हसत नव्हते. "सभाघराचा मान आहे तो."

"म्हणूनच तर मागतेय. ताउवूने काय तुमची फुटकी बादली न्यायची? चिडलात का, रातू? चिडला असाल तर सांगा… मी जाते. वाइसेरेत सांगेन, नावुनीदिलोचे रातू एका कासवावरून चिडले. आमची लहान पोरं त्याचं गाणं करतील."

कुणीतरी श्वास आत ओढला. पात्रात ढवळणारे हात थांबले. मी ऐसाकेकडे बघितलं नाही. 

रातू माझ्याकडे पाहत होते. 

"आणि माझ्या पंगतीला काय वाढू? तुझी जीभ?"

"आमच्याकडून हवं ते उचला. तुम्हीही ताउवू आहात. माझ्या बाबांचा मोठा डुक्कर आहे. त्यांचा फार जीव आहे त्याच्यावर."

आधी एक म्हातारा हसला. मग त्याच्या शेजारचा. मग रातूंचं पोट हलायला लागलं आणि सगळं सभाघर हसण्याने भरलं.

"जड आहे हो ती कासवीण," रातू डोळे पुसत म्हणाले. "नेशील कशी?"

"तुमची पोरं उचलून देतील की. आळशी आहेत, पण आहेत ना?"

ऐसाके उठला. यांगोना ढवळणाऱ्याने उठायचं नसतं… तो उठला. कोपरांपासून पाणी गळत होतं. "मी उचलतो," तो म्हणाला. मग आणखी तिघे उठले.

पाण्याच्या कडेशी दोर सोडले. ती क्षणभर तशीच राहिली, जणू खरं वाटत नव्हतं. मग वल्ही वाळूत रुतली, एक लाट आली, आणि ती गेली. पोरं माघारी गेली. आम्ही दोघं गुडघाभर पाण्यात उरलो.

"मी तुला गप्प बसायला शिकवलं होतं," तो म्हणाला.

"तेवढं एकच चुकीचं शिकवलंस."

"माहितीये." तो पाण्याकडे बघत होता. "मी सकाळी मॅडमना फोन केला. म्हटलं, उनाला दुसरा मार्गदर्शक द्या."

मी त्याच्याकडे वळले. "सकाळी? म्हणजे कासविणीच्या आधी? मी काय केलं होतं तेव्हा?"

"काही नाही. मॅडमनीही कारण विचारलं."

"मग?"

"सांगितलं… मी खुणा वाचायच्या सोडून तिच्याकडे बघतो. मोजमाप चुकतंय."

पाऊस आला होता वाटतं. अंग भिजलं तेव्हा कळलं.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, अखेर बोललास. आता त्या स्वतःच तुला शिकवणार आहेत." त्याने माझ्याकडे पाहिलं. "ताउवू म्हणून आज एक नेलंस. आणखी काही न्यायचं असेल तर… मी तयार आहे."

हात पुढे केला असता तर तो आलाच असता. मोह झाला, खोटं कशाला बोलू.

"नाही," मी म्हटलं. "कासवीण उचलून नेतात, ऐसाके, ती बांधलेली होती म्हणून. तुला कुणी बांधलेलं नाही. तुझ्या पायांनी ये."

हंगाम संपला. किनारा मला मिळाला. मॅडमनी पट्टीचा चिमटा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "पट्टी सरळ लावत जा." मी आठवडाभरासाठी वाइसेरेला, घरी आले.

एका सकाळी मागच्या अंगणात आरडाओरडा. नावुनीदिलोची माणसं बाबांचा डुक्कर बांबूला बांधत होती आणि बाबा हसत होते. ताउवूला हसावंच लागतं. डोळे मात्र ओले होते त्यांचे. रातू स्वतः आले होते. डुक्कर बांधून झाल्यावर त्यांनी झोळीतून देवमाशाचा दात काढला, मागणीचा, जुना, तेलाने पिवळा झालेला, आणि बाबांपुढे मांडी घालून बसले.

बाबा दाताकडे बघत राहिले. "डुक्कर हक्काने न्या, रातू. पोरगी हक्काने मिळत नाही."

"म्हणून तर बसलोय," रातू म्हणाले.

"आणि मला कोण विचारणार?" मी दारातून म्हटलं.

"तुला विचारणारा पुढच्या दारी उभा आहे," रातू म्हणाले. "बोटीने दारापर्यंत ये म्हटलं तर ऐकेना. जेटीवर उतरला आणि ओहोटी बघून मधल्या खाडीतून एकटा चालत आलाय. वेडा."

मी घराला वळसा घालून पुढे आले. तो अंगणात उभा होता, मांड्यांपर्यंत चिखल, चपला हातात.  मी त्याच्याकडे आधी पाहिलं नाही.

मी वाळू पाहिली. पाण्यापासून आमच्या दारापर्यंत पावलांची सरळ रेघ होती. नारळाच्या झाडापाशी एका जागी ती खोल दबली होती. तिथे तो थांबला असणार. भीती वाटली असेल.

शेजारी परतीची खूण नव्हती.