अनध्यायाची संथा

गंगेकाठच्या बालाजी घाटाजवळ विष्णुशास्त्र्यांची पाठशाळा आहे. अमावास्या, पौर्णिमा, प्रतिपदा, अष्टमी या तिथींना तिथे अनध्याय असतो, म्हणजे वेद म्हणायचा नाही. विद्यार्थी धोतरं धुतात, घाटावर क्रिकेट खेळतात आणि वरची लांबट खोली रिकामी राहते. पौषातल्या अशाच एका प्रतिपदेला, भर दुपारी, शास्त्रीबुवांची मुलगी मुक्ता व्याकरणाचं पुस्तक घेऊन त्या खोलीत शिरली. तिला सुमेरियन पाठ करायची होती.

इराकच्या मातीच्या पाट्यांवर उरलेली, हजारो वर्षांत कुणी न बोललेली ही भाषा. त्या पाट्या वाचायला परदेशी जाण्यासाठी सोमवारी शिष्यवृत्तीची मुलाखत होती. ही संधी हुकली तर पुस्तकं कायमची बांधून ठेवायची, असं शास्त्रीबुवांनी बजावलं होतं.

"ज्या भाषेला एकही गुरू उरला नाही, ती तू शिकतेस कुणाकडून?" सकाळीच त्यांनी विचारलं होतं.

"पुस्तकाकडून, बाबा."

"आणि आज अनध्याय आहे. आज म्हटलेलं ऐकायला कोण येऊन बसतं, मालूम आहे?"

"अनध्याय तुमच्या वेदाला. माझ्या भाषेला कसला आलाय?"

मुक्ता अशीच होती, एक घाव दोन तुकडे. लहानपणी जिन्यात बसून तिनं सगळं ऐकलं, पण मुलगी म्हणून तिला कधी कुणी संथा दिली नाही. गुरूनं एकदा म्हणायचं आणि शिष्यांनी दोनदा, ही संथा. त्या रागाची धग अजून होती. म्हणून तर आज ती मुद्दाम गुरूच्या आसनावर बसली. समोर विद्यार्थ्यांच्या रिकाम्या चटया होत्या. खिडकीबाहेर धुकं इतकं दाट होतं की गंगा आहे की नाही, कळत नव्हतं.

"लुगल," ती म्हणाली. राजा. आणि सवयीनं थांबली, शिष्यांसाठी थांबतात तशी.

"लुगल... लुगल," खालच्या आवाजात कुणीतरी म्हणालं.

मुक्ताच्या अंगावर सर्रकन काटा आला. खोलीत कुणी नव्हतं. फक्त ओल्या मातीचा वास येत होता, नुकतं अंगण सारवल्यासारखा.

शहाण्या माणसानं इथे पुस्तक मिटलं असतं. मुक्तानं पुढचं वाक्य घेतलं. "लुगले ए मुन्दू." राजानं घर बांधलं.

या वेळी दोनतीन आवाज होते. त्यांनी ते दोनदा म्हटलं, आणि मुक्ताला पुस्तकात कधी न सापडलेला हेल त्यात होता. ती भाषा अशी वाजते तर! भीतीपेक्षा आनंद मोठा होता. तिनं आणखी दहा वाक्यं दिली. दर वाक्याला आवाज वाढत गेले.

मग ती श्वास घ्यायला थांबली, तेवढ्यात तिच्याआधीच, अगदी उजव्या कानापाशी, कुणीतरी म्हणालं, "मुक्ता बाउग."

एकदाच. आणि खोली गप्प झाली, वाट पाहत.

बाउग म्हणजे मेली. हा शब्द तिनं कालच पाठ केला होता. संथा मिळाली होती, आता तिनं दोनदा म्हणायचं होतं. आणि जन्मभर हवी असलेली गोष्ट अशी समोर आली की जीभ आपोआप हलते. पहिलं अक्षर ओठावर आलंसुद्धा...

तिनं दात आवळले.

"नाही," ती मराठीतच म्हणाली. आवाज चढला होता. "या आसनावर मी बसलेय. इथे संथा मी देणार. ऐकायचं असेल तर बसा, नाहीतर चालते व्हा." आणि पुस्तकात न बघता तिनं खणखणीत म्हटलं, "लुगले ए मुन्दू!"

मग सगळ्या चटयांवरून एकदम उत्तर आलं. एकदा. दोनदा. आज्ञाधारकपणे.

दार करकरलं. उंबऱ्यात शास्त्रीबुवा उभे होते, चेहरा राखेसारखा.

"मुक्ता... ही इतकी मुलं कुणाची?"

"माझी," ती म्हणाली. तिला एकही मूल दिसत नव्हतं.

शास्त्रीबुवांची नजर ओळीनं एकेका चटईवरून सरकत गेली. चाळीस वर्षं संथा दिलेला माणूस, कोण म्हणतंय आणि कोण नाही हे त्यांना बघताक्षणी कळायचं. नजर फिरत फिरत आसनाशी आली आणि मुक्ताच्या उजव्या खांद्यापाशी थांबली.

"सगळे म्हणताहेत गं, बेटा," ते कुजबुजले. "पण हा तुझ्याशेजारी बसलाय, तो म्हणत नाहीये. तो नुसता तुझ्या तोंडाकडे बघतोय..."

मुक्तानं मान वळवली नाही. तिनं पान उलटलं आणि पुढची संथा दिली.